पान एकशे चौदा

६ जानेवारी

मामा,

नमस्कार आधी करून घेते, कारण पुढे सगळं भांडणच आहे. आई ठीक, गुडघे सोडून. दुकान ठीक. मी ठीक नाही. तीन दिवस झाले, सुईत दोरा ओवते आणि तशीच ठेवून देते. समोर बांधायची पुस्तकं पडलीत आणि मी दारातून आत, आतून दारात.

झालं असं. नगरपालिकेनं सभांच्या जुन्या वह्या नव्यानं बांधायला पाठवल्या. बाबांपासून त्या आपल्याच दुकानात येतात, त्यात नवल नाही. नवल वेळेचं आहे. पाण्याच्या टाकीशेजारची मोकळी जागा पालिका दुकानांच्या इमारतीसाठी देऊन टाकते आहे. आणि आपल्या वॉर्डाचा दवाखाना अजून कापडवाल्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन भाड्याच्या खोल्यांत. गेल्या महिन्यात आपली इस्त्रीवाली, नववा महिना भरत आलेला, त्या जिन्यावरून घसरली. ती वाचली. मूल वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पायऱ्या मोजल्या. चौतीस आहेत. का मोजल्या माहीत नाही, पण मोजल्याशिवाय राहवेना.

त्याच आठवड्यात आम्ही शाळेच्या पटांगणात सभा घेतली आणि मी बोलायला उभी राहिले. हो, मीच. जीभ सुटली. म्हटलं, आजाऱ्यानं जिना चढायचा आणि दुकानांनी जमिनीवर ऐसपैस बसायचं, हे ज्यांना योग्य वाटतं त्यांनी एकदा ताप अंगात घेऊन तो जिना चढून दाखवावा. टाळ्या पडल्या. मग आपले नगरसेवक उठले, गोड हसले आणि म्हणाले, "ताई, भाषण झकास. पण ती जागा दवाखान्याची, असं कुठे लिहिलंय? वहीत दाखवा, मी स्वतः पहिली वीट ठेवतो."

सोळा वर्षांपूर्वी ठराव झाला होता हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळ्यांना आठवतंय. आई तर त्या दिवशी सभागृहाच्या गॅलरीत बसली होती. तिनं वर झालेले हात मोजलेत, अकरा. आणि वहीत काय आहे? "सदर जागेबाबत योग्य वेळी विचार करण्यात यावा." बस्स.

आता कान देऊन ऐका. वहीत कागद दुमडून शिवलेला असतो, म्हणजे प्रत्येक पानाला त्याच कागदाचं दुसरं पान जोडीला असतं. या पानाला जोडीदार नाही. जुनं पान शिवणीपासून बोटभर सोडून कापलंय आणि उरलेल्या पट्टीवर नवं चिकटवलंय. उजेडात धरलं तर कागदही निराळा, एक छटा पांढरा. खळ इतकी पातळ आणि सारखी लावलीय की माझी मान खाली जावी. काम जाणत्या हाताचं आहे.

तीस वर्षं तुम्ही सभालेखक होता. सगळ्या वह्या तुमच्याच अक्षरात. मला एवढंच सांगा: त्या पानावर आधी काय होतं, आणि ते कोणी काढलं? हरकती नोंदवायची मुदत फेब्रुवारीअखेर आहे, सुनावणी बारा मार्चला. उशीर करू नका.

तुमची,
ठिणगी


१५ जानेवारी

ठिणगे,

भांडणासकट अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसलो. लहानपणी तुला ठिणगी म्हणायला सुरुवात केली ती मीच, आता तक्रार कोणाकडे करू?

इस्त्रीवालीचं वाचून वाईट वाटलं. तिच्या सासूला मी ओळखत होतो.

बाकी तुझ्या वहीचं. तुझे बाबा म्हणायचे, बाइंडरनं पुस्तकाची पाठ बघावी, पोटात डोकावू नये. गिऱ्हाइकाचा कागद म्हणजे गिऱ्हाइकाचं घर. तू त्या घरात शिरून भांडी मोजायला लागलीस. अगं, सरकारी वह्यांची पानं सुटतात, शाई सांडते, छप्पर गळतं, एखादा सभासद चहा सांडतो. अशी पानं मी डझनांनी लिहून चिकटवली असतील. एकशे चौदामध्येच कसलं गूढ शोधत बसलीस? सोळा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी कोण काय बोललं, ते माझ्या डोक्यात आता कुठलं राहायला? परवा नातवाला शाळेतून आणायला गेलो आणि भलत्याच शाळेच्या फाटकाशी अर्धा तास उभा राहिलो. सूनबाई अजून हसते आहे.

सभेला जाऊ नको असं म्हणणार नाही. म्हटलं तर एकाऐवजी दोन सभांना जाशील. पण तीस वर्षं मी त्या सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून माणसं बघितली आहेत. तिथे आवाज करणाराचा घसा बसतो आणि खुर्चीवाला खुर्चीतच बसतो. तुझं दुकान आहे, आई आहे. अर्ज दे, सह्या गोळा कर, जिन्याला कठडा मागून घे. कठडा मिळेल. वही बांध आणि परत करून टाक.

ताईला गुडघ्याला शेक घ्यायला सांग. ती ऐकणार नाही, तरी सांग.

मामा


२३ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुमच्या स्मरणशक्तीची तक्रार यापुढे ऐकून घेणार नाही. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं की मी तुम्हाला पानाचा आकडा लिहिलाच नव्हता. तरी तुम्ही बरोबर एकशे चौदा लिहिलंत! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "माझा भाऊ आहे, उगाच नाही." तेव्हा थोडा ताण द्या डोक्याला, बाकीचंही आठवेल.

कठडा मागून घे म्हणता. मामा, कठडा हवा असतो चढायचं असतं तेव्हा. आम्हाला चढायचंच नाही! आयुष्यभर आपण सगळे कठडेच मागत आलो. नळाला पाणी नाही तर टँकर मागा, रस्ता नाही तर खडी मागा. मूळ हक्काचं मागायची वेळ आली की घरातलंच कोणीतरी शहाणं माणूस म्हणतं, दुकान आहे, आई आहे. तुम्हाला बोलत नाहीये. किंवा थोडं बोलतेय.

परवा नगरसेवक दुकानात आले. स्टुलावर बसले, खळीच्या डब्यात डोकावले, म्हणाले, "ताई, खळ लावायचं सोडून आग लावायला लागलात?" मी म्हटलं, "दादा, खळ सुकायला वेळ लागतो, तोवर दुसरं काम बघते." हसले. उठताना म्हणाले, "वह्या लवकर परत करा. उगाच एखादं पान फाटलं तर तुमच्यावर यायचं." कळलं ना? मी त्याच दिवशी त्या पानाचे फोटो काढले, चार शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, त्यांच्या सह्या घेतल्या. आमच्या हरकतीवर आता सहाशे बारा सह्या आहेत. रोज दुपारी दोन गल्ल्या होतात. लोक दारात उभं करतात, आत बोलावतात, हाकलतातही. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बाई, तुझं खरं आहे, पण माझं नाव नको." मी म्हटलं, "मास्तर, खरं असेल तर त्याला नाव लागतंच." त्यांनी दार लावून घेतलं.

आणि आता मुख्य. पान कोणी बदललं ते मला कळलंय. साधी गोष्ट होती, मीच मूर्ख. वह्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असायची? दप्तरीकाकांकडे. त्यांच्याशिवाय त्या कपाटाला कोणी हात लावत नसे, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात. आणि निवृत्त झाल्यावर त्यांना टाकीजवळचं पालिकेचं क्वार्टर कसं राहू दिलंय इतकी वर्षं? काल चौकातल्या सभेत मी त्यांचं नाव घेतलं. सरळ घेतलं. म्हटलं, वॉर्डाचा दवाखाना चोरणारा माणूस आपल्याच गल्लीत राहतो आणि आपण त्याला काका म्हणतो.

असा आवाज झाला मामा, की मला स्वतःचाच पुढचा शब्द ऐकू येईना. घरी आले तरी कान वाजत होते. जेवण गेलं नाही. आनंदानं की कशानं, कोण जाणे.

ठिणगी


१ फेब्रुवारी

ठिणगे,

दप्तरीचं नाव मागे घे. ज्या चौकात घेतलंस त्याच चौकात मागे घे, आणि लगेच.

त्यानं काही केलेलं नाही. त्याला क्वार्टर मिळालं कारण त्याची बायको तिथे अंथरुणाला खिळून होती आणि तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांना दया आली. माणसाबद्दल बोलण्याआधी विचारावं तरी.

मी हे ठामपणे सांगतोय. का ते विचारू नकोस, तूर्त.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी रागावले. वाटलं, जुनी दोस्ती, म्हणून पांघरूण घालताय. "का ते विचारू नकोस" हे वाक्य मी नगरसेवकांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलंय, ते तुमच्या अक्षरात वाचायला नको होतं. मी नाव मागे घेतलं नाही. आणि मग जे झालं ते लिहिते.

आठ तारखेला दप्तरीकाकांच्या दारावर कोणीतरी डांबरानं "पानचोर" लिहिलं. किराणावाल्यानं त्यांना रांगेत उभं ठेवून मागच्यांना आधी माल दिला. दवाखान्यात त्यांना जिन्यावर कोणी हात दिला नाही. हो, तेही तोच जिना चढतात. माझ्याच सभेला आलेली माणसं. मी एकेकाचं नाव सांगू शकते.

काल सकाळी ते दुकानात आले. मला वाटलं शिव्या देतील, मी मनात उत्तरं जुळवत होते. त्यांनी फक्त वही बघायला मागितली. एकशे चौदावर आले, पानावरून हात फिरवला, अगदी हळू. म्हणाले, "किल्ली माझ्याकडे होती, खरंय. पण किल्ली मागायला येणारा एकच होता. आणि पोरी, मी पान बदललं असतं, तर त्यावर अक्षर माझं असतं."

एवढंच. वही मिटून, माझ्या हातात देऊन निघून गेले.

मी तासभर त्या पानाकडे बघत बसले. सगळी वही तुमच्या अक्षरात आहे, म्हणून ते पानही तुमच्या अक्षरात असणारच, असं मी धरून चालले होते. मी कागद बघितला, खळ बघितली, कापलेली कड बघितली. बाइंडर ना मी! जे पान मागाहून घातलंय त्यावरही तुमचंच अक्षर कसं, हा प्रश्न मला पडलाच नाही. आईनंच मला खळ कालवायला शिकवलं, आणि आईला कोणी शिकवलं होतं, तेही आठवलं मग. तुम्ही. सुट्टीत बाबांच्या दुकानात हाताखाली काम करायचात तेव्हा.

आकडा तुम्हाला आठवत होता, आणि मी कौतुक केलं.

मामा, ते पान तुम्ही दोनदा लिहिलंत का?

आईला काही सांगितलेलं नाही.


२७ फेब्रुवारी

ठिणगे,

हो.

हे अक्षर लिहायला पंधरा दिवस लागले. तीन पत्रं लिहून फाडली. तिन्हींत मी स्वतःची बाजू फार सुरेख मांडली होती. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी सुबक करून लिहिली, सवय हाडात मुरली आहे. आता सुबक न करता लिहितो.

ठराव झाला होता. टाकीशेजारची जागा दवाखान्यासाठी कायमची राखून ठेवावी. बाजूनं अकरा, विरोधात सहा. ताईनं बरोबर मोजलं. मी तो वहीत उतरवलाही. चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, अध्यक्षांनी बोलावलं. तेव्हाही आत्ताचेच अध्यक्ष होते, मध्ये दोनदा पडले, आता पुन्हा निवडून आलेत. पंखा चालू होता, ते फाइलीवर सही करत होते. वर न बघता म्हणाले, "त्या जागेचं जरा मोघम करा हो. पुढे अडचण नको." मी "बरं" म्हटलं.

संपलं. एवढंच झालं. तुला वाटत असेल धमकी असेल, आमिष असेल, बदलीची भीती असेल. असतं तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी झालं असतं. काही नव्हतं. एका माणसानं चहा मागावा तसं त्यांनी मागितलं आणि मी दिलं. टेबलाशी आलो, दप्तरीकडून किल्ली घेतली, पान कापलं, नवं लिहिलं, चिकटवलं. चारला पाच मिनिटं कमी होती.  सांधा दिसत नाही म्हणून बरंच वाटलं. हे सांगायची लाज सगळ्यांत जास्त आहे.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त मंजुरीला येतं. नियमानं ते वाचून दाखवायचं असतं. पण आमच्याकडे वर्षानुवर्षं "वाचले असे समजून कायम" असं म्हणायची पद्धत. अध्यक्ष म्हणाले, वाचले असे समजून. सतरा माणसांनी मान हलवली. ज्या अकरांनी हात वर केले होते, त्यांतल्या एकानंही वही उघडली नाही. मी कोपऱ्यात बसून वाट बघत होतो, कोणीतरी म्हणेल, वाचा. कोणी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. कच्ची टिपणं नियमाप्रमाणे नष्ट केली. हा एक नियम मात्र तंतोतंत पाळला.

म्हणजे पुरावा म्हणून आता माझ्या तोंडाशिवाय काही उरलेलं नाही.

तू नाव घेतलंस दप्तरीचं, आणि मी इथे नातवाची वही तपासत बसलो होतो. पहिल्याच पत्राला खरं उत्तर दिलं असतं तर त्याच्या दारावर डांबर लागलं नसतं. तुझा उतावळेपणा आहेच, पण तो माझ्या गप्प बसण्यावर वाढला.

मी काय करावं, ते तू सांग. म्हणशील तसं करीन.

मामा


४ मार्च

मामा,

नमस्कार लिहिला नाही. हात वळला नाही. खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

"म्हणशील तसं करीन." हे वाचून मी पत्र टेबलावर आपटलं, खळीचा डबा उलटला. अध्यक्षांनी म्हटलं तसं केलंत, आता मी म्हणेन तसं करणार? माणसं बदलली, काम तेच! नाही मामा. मी काही म्हणणार नाही. सुनावणी बारा तारखेला, अकरा वाजता, मोठ्या सभागृहात. जाहीर आहे, कोणीही येऊन बोलू शकतं. त्या "कोणीही"मध्ये तुम्ही आहात. एवढी माहिती मी अनोळखी माणसालाही दिली असती.

माझं सांगते, कारण मला कोणाला तरी सांगायचंय आणि सवय तुमचीच आहे. परवा त्याच चौकात, त्याच स्टुलावर उभी राहिले. म्हटलं, मी खोटं बोलले होते. लोक कुजबुजायला लागले. मागून एक ओरडला, "मग खरा चोर कोण?" मी म्हटलं, "आज मी माझ्या चोरीबद्दल बोलायला आलेय. एका माणसाचं नाव मी न विचारता उचललं आणि तुम्हाला वाटून टाकलं. तुम्ही ते घरोघर नेलंत." टाळ्या नाहीत. निम्मे लोक बोलणं संपायच्या आत निघून गेले. घासलेट आणि चिंध्या घेऊन दप्तरीकाकांचं दार पुसायला गेले, तर त्यांनी आधीच पुसलं होतं. डाग राहिलाय. आत बोलावलं नाही. बरोबर केलं.

तुमचं नाव मी चौकात घेतलं नाही. ते कोणाच्या भीतीनं नाही, प्रेमानंही नाही. ते नाव तुमचं तुम्ही घ्यायचंय.

पालिकेनं वह्या उचलून नेल्या. यापुढे काम देणार नाहीत, असं पत्रही आलंय. फोटो आणि सह्या आहेत. अध्यक्षांचे वकील म्हणतायत, चिकटवलेलं पान म्हणजे शाई सांडली असेल. तुमच्या जानेवारीतल्या पत्रातलंच वाक्य. मी वाचलं तेव्हा हसू आलं, मग रडू.

आईला सांगितलं.  ती कपाटातून तुमचं एक जुनं स्वेटर काढून उसवत बसलीय.


९ मार्च

ठिणगे,

अकरा तारखेच्या गाडीनं येतोय. उतरायला तुमच्याकडे येणार नाही, स्टेशनजवळ खोली घेतो. बारा तारखेला बोलून झालं की परतीची गाडी दुपारी दोनची आहे. ताईसमोर उभं राहण्याआधी मला त्या सभागृहात उभं राहायचं आहे. उलट क्रमानं जमणार नाही.

लेकाला आणि सूनबाईला सांगितलं. लेक म्हणाला, "बाबा, या वयात कशाला?" मी म्हटलं, तेव्हाच्या वयात केलं नाही म्हणून.

मामा


१५ मार्च

मामा,

नमस्कार.

तुम्ही पाठमोरे होता, आणि बोलून झाल्यावर मान खाली घालून सरळ स्टेशनकडे गेलात. त्यामुळे बरंच काही तुम्हाला दिसलं नाही. ते सांगते.

तुमचं नाव पुकारलं तेव्हा अध्यक्ष पाणी पीत होते. तुम्हाला बघून पेला खाली ठेवताना त्यांना टेबल सापडेना. तुम्ही "मोघम करा हो" हे त्यांच्या आवाजात म्हटलंत, तेव्हा गॅलरीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. वकिलानं विचारलं, "काका, तेव्हा खोटं लिहिलंत, मग आज खरं बोलताय हे कशावरून?" आणि तुम्ही म्हणालात, "तेव्हा खोटं लिहिलं, कोणी पुरावा मागितला नाही. आज खरं बोलतोय तर मागताय. सोळा वर्षं उशिरा का होईना, सभागृहाला वाचायची सवय लागतेय." अख्खं सभागृह हसलं. सुनावणी घ्यायला बाहेरून आलेल्या अधिकारीबाईसुद्धा. तुमच्यावर फौजदारी होऊ शकते हे त्यांनी बजावलं आणि तुम्ही "माहीत आहे" म्हणालात, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

पण मला ते पुढचं विसरता येत नाही. नवी सभालेखक, ती सडपातळ मुलगी, तिनं तुमचा जबाब वाचून दाखवला. तिनं लिहिलं होतं, "अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी नाइलाजाने पान बदलले." तुम्हाला वाचवायलाच घातला बिचारीनं तो शब्द. तुम्ही म्हणालात, "बाळ, नाइलाजाने हा शब्द मी बोललो नाही. इलाज होता. मी 'नाही' म्हणू शकत होतो." ती गोंधळली, कागद फाडून नवा घ्यायला लागली. तुम्ही तिचा हात धरलात. "फाडू नकोस. शब्दावर एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला दोघांच्या सह्या."

तुमची पाठ तेव्हा मी बघत होते मामा. मला तुमचा राग आलाय तो गेलेला नाही, हे स्पष्ट लिहिते. पण त्या पाठीकडे बघून मी उभी राहिले. मुद्दाम नाही. सगळे बसलेत आणि आपण उभे आहोत हे मला खूप वेळानं कळलं.

निकाल काल लागला. जुना ठराव केवळ तोंडी जबाबावरून परत लिहिता येत नाही, असं अधिकारीबाईंनी म्हटलंय. म्हणजे जागा दवाखान्याची झाली नाही. पण जागेचा व्यवहार थांबवलाय. मे महिन्यात निवडणूक, त्यानंतर नव्या सभेनं हात वर करून पुन्हा ठरवायचं. म्हणजे तिथे आता कोणाचे हात असतील, याच्यावर आलं सगळं.

मी अर्ज भरतेय. नगरसेवकांच्या विरोधात. ते दुकानावरून जाताना म्हणाले, "ताई, अनामत सांभाळा." मी म्हटलं, "दादा, तुम्ही वीट सांभाळा, पहिली ठेवायचं कबूल केलंत." अर्जावर सूचक म्हणून वॉर्डातल्या मतदाराची सही लागते. मी दप्तरीकाकांकडे गेले. या वेळी त्यांनी आत घेतलं, खुर्ची दिली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मत देईन. सही नाही देणार. माझं नाव तू एकदा घेतलंस, तेवढं पुरे झालं." मी उठले. त्यांचं बरोबर आहे, आणि ते बरोबर असणं मला आयुष्यभर पुरेल. सही इस्त्रीवालीनं दिली. बोटांना अजून कोळशाची काजळी होती, अर्जावर ठसा उमटलाय. तसाच भरणार आहे.

दुपारभर दुकानात बसवत नाही. एकेका गल्लीतून फिरते, लोकांना सांगते की मला मत द्या किंवा देऊ नका, पण निवडून कोणीही आलं तरी सभेला जाऊन गॅलरीत बसा, आणि "वाचले असे समजून" म्हणाले की ओरडा, वाचा! बायका हसतात. काहीजणी आपापसात ओरडून बघतात.

आई विचारत होती, तो न जेवता का गेला. मी म्हटलं, त्यालाच विचार.

अकरा एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाची सभा आहे, पटांगणात. लोक तुम्हाला प्रश्न विचारतील, मीही विचारणार आहे, भाची म्हणून सवलत देणार नाही. तुम्हाला यायचंच आहे असं माझं म्हणणं नाही. पण आलात तर दोनची परतीची गाडी धरू नका. सभा झाली की घरी या. आईनं पान वाढलेलं असेल.

तुमची,
ठिणगी